गोदीची जमीन: शिवडीतल्या आमच्या सोसायटी ग्रुपवर रविवारी झालेली चर्चा

स्नेहल (बी विंग): सकाळी रे रोडच्या बाजूने चालायला गेले होते. गोदामांच्या भिंतीतून पिंपळ वर आलेत, बीपीटी (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) रेल्वेचे रूळ डांबरात अर्धे बुजलेत. एवढी जागा पडून आहे आणि आपल्या मुलांना खेळायला धड मैदान नाही. तिथे घरं, बागा, समुद्राकाठी फिरायला रस्ता होणार म्हणतात. लवकर होऊ दे!

सावंत काका: होऊ देच गं. पण कोणासाठी, ते आधी कागदावर यायला हवं. मी गोदीतच नोकरी केली. प्रिन्सेस डॉक 1880 चा. कंटेनरची मोठी जहाजं आली, 1989 ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि माल खाडीपलीकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर भराव घालून बुजवल्या.

निनाद (सध्या लंडन): काका, इथेही गोदी बंद पडायला कंटेनरच कारणीभूत. 1981 मध्ये डॉकलँड्ससाठी, म्हणजे इथल्या जुन्या गोद्यांच्या भागासाठी, वेगळं महामंडळ नेमलं आणि स्थानिक पालिकांचे नियोजनाचे अधिकार काढून त्याला दिले. कॅनरी वॉर्फचे बँकांचे टॉवर त्याच काळातले. नदीकाठाने आता मोकळं चालता येतं, मला ते मनापासून आवडतं. पण बँकांमधल्या नोकऱ्या जुन्या गोदी कामगारांसाठी नव्हत्या. मेट्रोची ज्युबिली लाइन तिथे पोचली 1999 ला, महामंडळ गुंडाळल्यानंतर.

सावंत काका: लंडन कशाला, आपलं परळ बघा. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 ला नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून रिकामी होणारी धरायची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? 2006 ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल मान्य केला. लोकांच्या वाट्याला आलं ते तुकडे-तुकडे. एका ओळीने एवढं झालं, म्हणून म्हणतो, इथली प्रत्येक ओळ वाचायची. ही जमीन तर सरकारी, खासगी मालकाचा प्रश्नच नाही. इथे लोकांचा वाटा जास्तच हवा.

मनीषाताई: आणि शिवडीची दलदल? फ्लेमिंगो चिखलातलं शेवाळ खातात. काठाला काँक्रीट ओतलं तर ते कशाला येतील? तो काठ तसाच राहू दे, आपण सूचनांचं पत्र देऊ त्यात हे घाला.

शेखभाई: आमचं इथल्या दारूखाना भागात वडिलांपासून दुकान आहे. जहाजाचे साखळदंड, नांगर, वायररोप. त्या गल्ल्यांत किती माणसं राबतात! बाग झाली की मीही नातवाला घेऊन येईन, पण धंद्याला जवळपास जागा द्या. भाऊच्या धक्क्यावरचा मासळीचा लिलावही हलवू नका.

स्नेहल: शेखभाई, हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. बरोबर बोललात.

कुलकर्णी (सेक्रेटरी): 2018 ला पोर्ट ट्रस्टलाच (आताची मुंबई पोर्ट ऑथॉरिटी) या जमिनीचं नियोजन प्राधिकरण नेमलं, म्हणजे पत्र तिकडेच. हरकती-सूचनांची मुदत जाहीर झाली की धावपळ होते, आत्ताच लिहून ठेवू. मुद्दे: काठ सलग आणि सगळ्यांना खुला, कुंपण नको. तिथे राहणाऱ्या-राबणाऱ्यांची सोय आधी, विक्रीची घरं नंतर. बस आणि हार्बर लाइनची स्टेशनं आधी सुधारा. दलदलीला हात लावू नका.

सावंत काका: पाचवा घाला. मोकळी जागा किती, ते एकरात लिहून द्या. टक्क्यात नको.

स्नेहल: काका, मसुदा तुम्ही लिहा, टाइप मी करते. मंगळवारी गच्चीवर सह्या घेऊ. ए विंगला कोण सांगतंय?

शेखभाई: मी सांगतो. दारूखान्यातल्या दुकानदारांच्या सह्याही आणतो.