माउंट व्हर्ननच्या उन्हाळी भेटीसाठी मराठी माहितीपत्रक : मदत हवी आहे

व्हर्जिनियात पोटोमॅक नदीच्या काठी असलेले माउंट व्हर्नन, म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे राहते घर, आमच्या भागातील मराठी कुटुंबांच्या उन्हाळ्यातले ठरलेले ठिकाण झाले आहे. ज्यांच्याकडे भारतातून आई-वडील आलेले असतात, ते वॉशिंग्टन शहर दाखवून झाले की तेथून साधारण १५ मैलांवर असलेल्या या घराकडे गाडी वळवतात. यंदा आम्ही काही कुटुंबे मिळून ज्येष्ठांना आणि मुलांना एकत्र घेऊन जाणार आहोत. तेथे मार्गदर्शक इंग्रजीत भरभर बोलतात आणि प्रत्येक खोलीत थांबायला थोडाच वेळ मिळतो. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी पलंग, आरसे आणि खुर्च्या पाहून बाहेर पडतात. हे घर कोणी राबून चालवले आणि पुढे ते कोणी वाचवले, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून मी चार पानांचे मराठी माहितीपत्रक तयार करत आहे, आणि त्याच्या मांडणीसाठी जाणकारांची मदत हवी आहे.

सुरुवात कशाने करावी, हा पहिला प्रश्न. माझ्या मनात तळघरातील बाटल्यांची बातमी आहे. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, की घराच्या दुरुस्तीआधी तळघरात चाललेल्या उत्खननात काचेच्या दोन अखंड बाटल्या मिळाल्या आणि त्यांत चेरीची फळे होती. जूनमध्ये त्याहून मोठी बातमी आली. पाच खड्ड्यांत मिळून ३५ बाटल्या निघाल्या होत्या आणि त्यांतल्या २९ शाबूत होत्या. १७७० च्या दशकात घातलेल्या विटांच्या जमिनीखाली त्या पुरलेल्या होत्या, म्हणजे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच ही फळे भरून ठेवलेली असणार. कॉर्क झिजून आत भूजल झिरपले होते, तरीही चेरी, त्यांचे देठ आणि बिया ओळखू येत होत्या. काही बाटल्यांत दुसरी लहान फळेही होती. देठ ओरबाडलेले नव्हते, ते नीट कापलेले होते. हा तपशील वाचल्यापासून मला तो विसरता येत नाही, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी बसून एकेक चेरी हातात घेऊन कात्री चालवली, हे त्यातून स्पष्ट दिसते.

ते हात कोणाचे होते, हे सांगितल्याशिवाय ही बातमी पुरी होत नाही, आणि माझी खरी अडचण तेथेच आहे. माउंट व्हर्ननची झाडे, बाग, स्वयंपाकघर आणि कोठार हे सगळे गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांच्या श्रमावर चालत होते. १७५९ मध्ये मार्था यांचे वॉशिंग्टन यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर डॉल नावाची एक गुलाम स्त्रीही या घरी आली आणि पुढे तिने येथील स्वयंपाकघर सांभाळले. वडील वारले तेव्हा वॉशिंग्टन ११ वर्षांचे होते, आणि त्या वयातच ते वारशाने दहा माणसांचे मालक झाले. १७९९ मध्ये त्यांनी स्वतः केलेल्या नोंदीत माउंट व्हर्ननवर गुलामगिरीत असलेल्या माणसांची संख्या ३१७ आहे. त्यांतील १२३ जण त्यांच्या मालकीचे होते आणि मार्था यांच्या पश्चात या लोकांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. मार्था यांनी आपल्या हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, त्यांना मुक्त केले. परंतु १५३ जण मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेले होते. त्यांना मुक्त करण्याचा कायदेशीर अधिकार दोघांनाही नव्हता, आणि ती माणसे पुढे मार्था यांच्या नातवंडांकडे गेली. या दोन गटांतील माणसांची आपसात लग्ने झालेली होती, त्यामुळे १८०१ नंतर कित्येक घरांत नवरा मुक्त आणि बायको-मुले गुलामगिरीत, अशी स्थिती झाली.

हे सगळे दहा-बारा वर्षांच्या मुलांना आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना एकाच पानावर कसे सांगावे? आमच्यातील काही जणांचे मत असे, की सहलीला आलेल्या ज्येष्ठांना आधी घर पाहू द्यावे, नदी पाहू द्यावी आणि हा भाग शेवटी एका परिच्छेदात द्यावा. मला हे पटत नाही. घराची भव्यता आणि ती उभी करणाऱ्यांची अवस्था यांची दोन वेगळी पाने केली, तर दुसरे पान वाचलेच जाणार नाही. बाटल्यांपासून सुरुवात केली, तर मालक आणि राबणारे एकाच वाक्यात येतात, असे मला वाटते. यावर आपले मत हवे आहे.

घराच्या वास्तूबद्दल मी थोडेच लिहिले आहे. बाहेरून दगडी वाटणाऱ्या भिंती लाकडाच्या आहेत. पाइनच्या फळ्यांच्या कडा तासून, ओल्या रंगावर वाळू मारून दगडाचा आभास निर्माण केला आहे. आत फ्रान्सच्या बॅस्तिय तुरुंगाची किल्ली आहे, ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी वॉशिंग्टन यांना पाठवली होती. घर वाचवण्याची हकिगत मात्र सविस्तर हवी, कारण ती आपल्याकडच्या वाडे जपणाऱ्या मंडळींनीही वाचावी अशी आहे. १८५० च्या दशकात घराची पडझड झाली होती, आणि ते सरकारने घ्यावे हे प्रयत्न फसले होते. दक्षिण कॅरोलिनातील अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांच्या आईने १८५३ मध्ये बोटीतून जाताना घराची ती दशा पाहिली आणि मुलीला पत्र लिहिले. मुलीने स्त्रियांची संघटना उभी केली, राज्याराज्यांतून वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये वॉशिंग्टन यांच्या भावाच्या वंशजाकडून हे घर व भोवतालची २०० एकर जमीन दोन लाख डॉलरना घेण्याचा करार केला. ज्या काळात त्या देशात स्त्रियांना मताचा अधिकारही नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. तीच संघटना आजही हे घर चालवते.

आता व्यवहाराचे प्रश्न. दरवर्षी ४ जुलैला येथे नव्या नागरिकांचा शपथविधी होतो आणि दिवसाउजेडी रंगीत धुराची आतषबाजी असते. यंदा, २०२६ मध्ये, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे होत असल्याने त्याच दिवशी जावे, असा मुलांचा आग्रह आहे. ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाणे कितपत योग्य ठरेल? गुडघेदुखी असलेल्यांना घराचा वरचा मजला जमेल का? शेवटचा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातील जाणत्यांसाठी आहे : साखर, तेल किंवा मीठ न घालता ताजे फळ टिकवण्याची एखादी रीत आपल्याकडे होती का? कोकणात फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी लाल मातीत घोळून ठेवतात, एवढीच मला माहीत आहे. ज्येष्ठांना बाटल्यांची गोष्ट तेथून जोडून देता येईल.

प्रतिसाद १

आम्ही मागे आईला जुलैमध्ये नेले होते, त्या अनुभवावरून सांगतो. ४ जुलै टाळावा. व्हर्जिनियातील दमट उकाडा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो, आणि त्या दिवशी गाडी लावण्यापासून प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी उघडताच पोहोचावे. घरात जाण्यासाठी तिकिटावर ठरावीक वेळ दिलेली असते, ती शक्य तितकी सकाळची घ्यावी. वर जायला जिना आहे. ज्यांना तो जमत नाही त्यांनी तळमजला पाहून नदीकडच्या लांब ओसरीवर बसावे, तेथे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि समोर पोटोमॅकचे पात्र दिसते. गेली काही वर्षे घराच्या दुरुस्तीचे मोठे काम चालले होते, त्यामुळे कोणत्या खोल्या पाहता येतील हे जाण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे. बाकीचा परिसर उताराचा आहे. वॉशिंग्टन यांची समाधी आणि खाली नदीकाठची शेती हे दोन्ही एकाच दिवशी ज्येष्ठांकडून होणार नाही, तेव्हा समाधीकडे जावे.

प्रतिसाद २

समाधीकडे जाल तेव्हा तेथून जवळच असलेल्या गुलामांच्या दफनभूमीपर्यंत अवश्य जा, आणि माहितीपत्रकात तिला स्वतंत्र जागा द्या. तेथे १९२९ मध्ये बसवलेली एक शिळा आहे आणि १९८३ मधले स्मारक आहे. स्मारकाचा आराखडा हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केला होता. २०१४ पासून पुरातत्त्वज्ञ त्या जागेचा शोध घेत आहेत. ते वरची माती काढून कबरींच्या जागा निश्चित करतात आणि कबरी न उघडता तशाच राखतात. मुलांना हे फार नीट समजते, असा माझा अनुभव आहे. मुलांपासून गुलामगिरी लपवण्याची गरज नाही. त्यांना माणसांची नावे सांगावीत. डॉल आहेच, त्याबरोबर ओना जज हिचेही नाव द्या. ती मार्था यांच्या खास सेवेत होती, १७९६ मध्ये फिलाडेल्फियातील राष्ट्राध्यक्षांच्या निवासातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोहोचली. वॉशिंग्टन यांनी तिला परत आणण्याचे प्रयत्न केले, पण ती परतली नाही. मृत्युपत्रातील मुक्ततेबरोबर हेही सांगितले, म्हणजे चित्र एकांगी होत नाही.

मुले चेरीचे झाड तोडल्याची गोष्ट विचारतीलच. ती वीम्स नावाच्या चरित्रकाराने वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर, १८०६ च्या आवृत्तीत घातलेली आहे आणि तिला पुरावा नाही. बाटल्यांतील चेरीला मात्र पुरावा आहे, हे मुलांना सांगता येईल.

प्रतिसाद ३

फळाच्या प्रश्नाबद्दल. आपल्याकडे कैऱ्या आणि फणसाचे गरे मिठात खारवतात, आमसुले वाळवतात, आंब्याचे साठ घालतात. म्हणजे मीठ किंवा ऊन यांशिवाय आपली रीत सहसा चालत नाही. मातीतल्या आठळ्या हेच तुमच्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण आहे, तरी आठळी हे बी आहे आणि चेरी रसाळ फळ, हा फरक लिहावा. त्या काळी युरोपात आणि अमेरिकेत फळ पूर्ण कोरडे करून कोरड्या बाटलीत भरत, बूच घट्ट बसवत आणि बाटली थंड जागी पुरत. फळाला ओल, हवा आणि उष्णता लागू न देणे एवढेच त्यामागचे सूत्र आहे. देठ कात्रीने का कापला, हेही त्यातून उलगडते : देठ उपटला तर साल फाटते, रस सुटतो आणि तेथूनच फळ नासायला लागते. लोणच्यासाठी कैरी निवडताना डागी कैरी बाजूला काढणाऱ्या आज्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. देठाचे स्पष्टीकरण मिळाल्यामुळे पहिले पान कसे लिहायचे ते ठरले : आधी बाटल्या, मग डॉल आणि स्वयंपाकघर, आणि तेथून घरात प्रवेश. ओना जज आणि दफनभूमी यांना तिसरे पान देत आहे आणि कनिंगहॅम यांची हकिगत चौथ्या पानावर जाईल. ४ जुलैचा बेत रद्द करून जूनमधला एखादा बुधवार घ्यावा, असे घरी सुचवले आहे. मुलांची समजूत काढावी लागेल. कच्चा मसुदा या आठवड्यात येथेच टाकते. ज्यांना अमेरिकी इतिहासाची चांगली माहिती आहे, त्यांनी विशेषतः मृत्युपत्र आणि मालकीहक्काचा भाग काटेकोरपणे तपासावा, कारण कायद्याची ती गुंतागुंत सोप्या शब्दांत लिहिताना अर्थ बदलू नये, याची मला सर्वांत जास्त काळजी आहे.