फक्त संस्कारांवर ढकलू नका
वर कुणीतरी लिहिलंय, संस्कार कमी पडले की पोरं गर्दच्या नादी लागतात. अजिबात पटलं नाही. १९७१मध्ये व्हिएतनाम युद्धातून परतणाऱ्या अमेरिकन जवानांपैकी जवळपास दर पाचवा जण तिथे हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात पाहणी केली, तेव्हा घरी परतल्यावर त्यातल्या बहुतेकांचं व्यसन सुटलेलं होतं. संस्कार तेच, भोवताल बदलला.

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात संध्याकाळी मैदानाला कुलूप लागतं. मग शाळा सुटलेली पोरं नाल्याकडच्या कठड्यावर बसतात आणि पुड्या विकणारा नेमका तिथेच येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला मुलगा पुन्हा त्याच कठड्यावर बसला तर टिकेल कसा?

घरचे पोलिसांच्या धास्तीने पोराचं व्यसन लपवतात, याचं फार वाईट वाटतं. एनडीपीएस कायद्याचं (अमली पदार्थविरोधी कायद्याचं) ६४-अ कलम त्यांना सांगा: अमली पदार्थाच्या अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण आहे.