बॅक प्रेशर नावाचा बागुलबुवा

जेटिंगवाला: काल धडधडे यांनी लिहिलं, "इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच. इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या बेंड पाइपाचं पॅकिंग गेलं की प्रेशर निसटतं आणि पिकअप मरतो. सायलेन्सर मोकळा केला तरी तेच." तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

बॅक प्रेशर म्हणजे जळका धूर ढकलताना पिस्टनला पडणारे जादा कष्ट. ते कुठल्या इंजिनाला हवे असतील? हवा असतो धुराचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून सुटते, उघड्या तोंडाशी उलटते आणि ओढ होऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असताना ती पोचली, तर उरलासुरला धूर खेचून काढते. जाड नळी लावली की वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी बसते. त्यात कार्ब्युरेटरचं मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) तसंच ठेवलं तर मिश्रणही लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. दोष मात्र बॅक प्रेशरला!

लीकचं गणित वेगळं. दोन धक्क्यांच्या मधे नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो, तेव्हा फटीतून हवा आत येते. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात ते बऱ्याचदा यानेच. बीएस-६ गाडीत लीक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर त्याला मिश्रण लीन वाटतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. प्लग काळा, ॲव्हरेज झोपलं.

धडधडे: पुस्तकं वाचून बुलेट चालत नाही. माझी ९२ची आहे. पॅकिंग गेलं तेव्हा खंबाटकीचा घाट दुसऱ्यात चढवावा लागला. आणि हवा आत गेल्याने फटाके म्हणता, तर कंपन्या स्वतःच एक्झॉस्ट पोर्टात, म्हणजे धूर बाहेर पडायच्या तोंडात, हवा सोडतात, त्याचं काय?

जेटिंगवाला: सोडतात, न जळलेलं पेट्रोल तिथे जळावं म्हणून. आणि थ्रॉटल सोडला की ती बंद करणारा व्हॉल्व्हही बसवतात, फटाके नकोत म्हणूनच. तुमच्या फटीला तसला व्हॉल्व्ह आहे का?

आरएक्सप्रेमी: टू-स्ट्रोकवाल्यांना कोणी विचारतच नाही. यामाहा आरएक्स १००चा सायलेन्सर आतून पोकळ करून बघा, गाडी रडते. परतीची लाट पोर्टातून निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत एमझी या मोटरसायकल कंपनीच्या इंजिनिअर वॉल्टर काडेनने हे साधलं. त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर १९६१ साली पळून सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली ५० सीसीचं जगज्जेतेपद त्यांच्याकडे. याला बॅक प्रेशर नाही तर काय म्हणायचं?

जेटिंगवाला: वेळेवर आलेली लाट म्हणायचं. तुंबलेली नळी नव्हे.

तिसरा मजला: तुमच्या लाटा आमच्या खिडकीवर आपटतात त्याचं बोला. वडिलांची बायपास झाली आहे. रात्री दीडला कोपऱ्यावर एक बुलेट फटाके सोडत जाते, ते दचकून उठून बसतात. पोलीस सायलेन्सरवर रोलर फिरवतात ना, मला तिकीट काढून बघायला आवडेल.

धडधडे: सगळे बुलेटवाले तसले नसतात. आणि गणपतीत डीजे लागतो तेव्हा कुठे असता?

तिसरा मजला: घरीच. कापूस कानात घालून. डीजे दहा दिवस असतो, तुमचे भाईबंद वर्षभर.

आरएक्सप्रेमी: आवाज म्हणजे पॉवर हा गैरसमज फक्त बुलेटवाल्यांचा.

धडधडे: निळा धूर सोडणाऱ्याने तोंड उघडू नये.

गॅरेजवरचा: भांडा निवांत. तोवर धडधडे, हे करा. सकाळी थंड गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबा, दोन-तीन सेकंदच. हेडपाशी 'फुस फुस' ऐकू येतं का बघा. फिन्सवर काजळीचा पट्टा दिसला तर लीक तिथेच. नवं पॅकिंग टाका आणि नट दोन्हीकडून थोडे थोडे आवळा. एकच आवळलात तर पुन्हा तेच.

धडधडे: केलं. काजळी होती, वीतभर. पॅकिंग शंभरच्या आत आलं. फटाके थांबले. जेटिंगवाल्यांना शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण पिकअप काही आला नाही.

गॅरेजवरचा: क्लच प्लेटा कधी बदलल्यात?

धडधडे: २०११.