अनुभव धागा: पैसे नसताना जेऊ घातलेल्या खानावळी

अर्धा_चहा:
काल नारायण पेठेत एका मेसच्या दारावर 'मासिक पास चालू आहेत' अशी पाटी दिसली आणि क्लासचे दिवस आठवले. घरून मनिऑर्डर लांबली की पास संपलेला असायचा. पंच करणारा पोरगा काकूंकडे बघायचा, काकू नुसती मान हलवायच्या, की तो पंच खिशात टाकून पोळ्या वाढायला जायचा. वहीत नोंद नाही की काही नाही. बरं, काकूंचंही भागतच होतं म्हणायचं. सिलिंडर महागला की आमच्या आमटीत डाळ शोधावी लागे.
तुम्हाला कुणी असं जेऊ घातलं असेल किंवा तुम्ही कुणाला घातलं असेल तर लिहा. ते ठिकाण अजून चालू असेल तर तेही सांगा, जाऊन जेवू की.

बिनसाखरेचा:
रविवारची फीस्ट!! दुपारी श्रीखंड पुरी आणि रात्री मेस बंद. सगळी पेठ रात्री पोहे खायची.

मधली_सून:
टाळेबंदीतलं लिहिते. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातली पोरं मार्च २०२० मध्ये गावी गेली. मालक आणि वहिनी दोघंच उरले. शटर अर्धं खाली, आत मसालेभाताचं पातेलं. बांधकामावरचे मजूर अडकले होते ना, त्यांच्यासाठी. आम्ही बायका घरी भाज्या चिरून जिन्यात डबे ठेवायचो. वहिनींचा नियम एकच, ओलं खोबरं घालायचं नाही आणि भात पसरून निवल्याशिवाय पाकिटात भरायचा नाही, नाहीतर उन्हात वाटेपर्यंत विटतो. एकदा मी कौतुकाने खोबरं किसून नेलं तर तसंच परत पाठवलं 😄
हॉटेल अजून आहे. आम्ही रविवारी तिथेच जेवतो, मुलांनी कितीही पिझ्झा पिझ्झा केलं तरी.

कोथरूडची_मावशी:
कुठलं हो हे? पार्किंग आहे का?

हमखास_उशिरा:
सरकारचं शिवभोजन विसरू नका कुणी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं, १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ५ रुपये केले, २०२१ मध्ये काही काळ फुकट. ही केंद्रं चालवली कुणी? छोट्या खानावळींनी आणि बचत गटांनीच. शहरात थाळीमागे सरकार ४० रुपये देणार असं गणित होतं. त्यात गॅस, तेल, मजुरी बसवून बघा.

भवानी_पेठ:
पुण्याला हे नवीन नाही. हमाल पंचायतीची (हमालांची संघटना) 'कष्टाची भाकर' ही खानावळ १९७४ पासून आहे, बाबा आढावांनी सुरू केलेली. वडील मार्केट यार्डात होते. त्यांना तिथलं आवडायचं कारण कुणी दान दिल्यासारखं वाढत नाही. पैसे मोजा, भाकरी घ्या, पोट भरा. त्याचं मोल मला फुकट थाळीपेक्षा जास्त वाटतं. (वाद घालायचा तर संध्याकाळी, आत्ता बसमध्ये उभा आहे.)

तूप_कमी:
केटरिंगचा धंदा आहे, म्हणून सांगतो. लग्नात उरलं की रात्री अकराला फोन, "संस्थेला सांगा, घेऊन जातील." अहो, चार तास उघड्यावर ठेवलेली पनीरची भाजी कोण नेणार? द्यायचं असेल तर पहिली पंगत उठली की बाजूला काढा, झाकून, गरम असताना. आम्ही आता बुकिंगच्या वेळीच विचारून घेतो. उरलेलं अन्न गरजूंना पोचवणाऱ्या रॉबिन हुड आर्मीच्या मुलांना देणार असाल तर आधी कळवा, ती नोकरी सांभाळून येतात. ताटात उरलेलं तर कुणालाच देऊ नका.

नंदिनी_पुणे३०:
+१ तूप_कमी.
ससूनला सासरे अॅडमिट होते तेव्हा शेजारच्या पेशंटची बायको बाहेरच्या टपरीवरून रोज अर्धी राइस प्लेट आणायची, पैसे अर्धीचे पण डबा भरलेला. मीही तिथूनच घ्यायला लागले. मला मात्र अर्धीच मिळायची, अंगावर सोनं दिसलं असेल.

बिनसाखरेचा:
😂😂

गल्लीबोळ:
मदत करायची असेल तर अॅप सोडा आणि हॉटेलला थेट फोन करा. अॅपवाले बिलातला मोठा वाटा कापतात. चालत जाऊन पार्सल आणा, पोटही कमी होईल.

कोथरूडची_मावशी:
आणि स्वतःचे डबे न्या बाई, प्लास्टिक किती देतात.

अर्धा_चहा:
मधली_सून, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शनिवारी जातो.

मधली_सून:
केलं. शनिवारी वांग्याचं भरीत असतं, साडेबाराच्या आत पोचा.

कोथरूडची_मावशी:
पार्किंगचं कुणी सांगितलंच नाही.