मदत हवी आहे: सोलापूरहून वेरूळ-अजिंठा, तीन दिवस, सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई

नमस्कार मंडळी. श्रावणात स्वतःच्या गाडीने वेरूळ-अजिंठा करायचंय. आम्ही दोघं, दहा आणि तेरा वर्षांची मुलं आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात). बेत असा: रविवारी पहाटे निघून दुपारी देवगिरी, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर करून परत. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. जमेल का? सासूबाईंना अजिंठ्यात किती चढावं लागेल?

बाळीवेसकर
ताई, आधी वार बदला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, म्हणजे तुमच्या बेतात दोन्ही दिवशी दार बंदच मिळणार. शिवाय श्रावणी सोमवार-रविवारी घृष्णेश्वराच्या गर्दीमुळे वेरूळ गावात गाडी लावायला जागा नसते. बुधवार-गुरुवार-शुक्रवार करा.

बुधवारी पहाटे पाचला सोलापूर सोडा. तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा, चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई, पाचोड असा सरळ राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. सुमारे ३१० किमी, चहा-नाश्ता धरून सहा ते साडेसहा तास. टोलनाके बरेच आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. येडशी आणि मांजरसुंब्याच्या घाटांत पावसात धुकं उतरतं, तिथे ओव्हरटेक नको.

जेवून थेट वेरूळ गाठा, शहरापासून ३० किमी. दुपारनंतरच जायचं, कारण कैलास (लेणं १६) पश्चिमाभिमुख आहे आणि उतरतं ऊन समोरून आत येतं. लेणं १० म्हणजे विश्वकर्मा, तेही तसंच. आत छताकडे बघा, लाकडी घराच्या वाशांसारख्या बरगड्या दगडातच कोरल्यात. सगळी ३४ लेणी एका दुपारी होत नाहीत. १०, १२, १६, २१ आणि वेळ उरला तर ३२ एवढंच धरा. ३० ते ३४ ही जैन लेणी बरीच उत्तरेला आहेत, सासूबाईंना चालवू नका, वाहनाने जा. कैलासच्या बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट पावसात निसरडी असते. मुलांनी हट्ट केला तरी तिकडे नको.

वाघूरकाठ
अजिंठ्याचं सांगतो, कारण खरी फसगत तिथे होते. नकाशात नुसतं 'अजिंठा' टाकलंत तर गाव येतं. लेणी गावाच्या पुढे, घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला आहेत. 'फर्दापूर टी पॉइंट' शोधा, शहरापासून साधारण १०० किमी. खासगी गाडी तिथेच ठेवायची आणि पुढचे चार किमी तिथल्या बसने. बसचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. लेणी नऊला उघडतात, म्हणून सहाला शहर सोडा. दहानंतर लेणं १ आणि २ च्या दारात रांग लागते. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण श्वासाच्या दमटपणाने रंग खराब होतात. रांग दिसली तर आधी २६ पर्यंत जाऊन या.

चढ सुरुवातीलाच आहे: बसथांब्यापासून पहिल्या लेण्यापर्यंतच्या पायऱ्या. पुढे घोड्याच्या नालेसारखी वाट, अधूनमधून थोड्या पायऱ्या. सासूबाईंसाठी खालीच डोली ठरवा, दर आधी बोलून घ्या. १, २, १६, १७, १९ आणि २६ एवढी पाहिली तरी बरंच पदरात पडतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत, पटकन निघणाऱ्या चपला घाला. पण तळ पकड धरणारा हवा. ओली फरशी सरळ पाय घसरवते.

आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग लेणं १ मध्ये गाभाऱ्याच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र हळूहळू उमटायला लागतं. फ्लॅश चालत नाही. मोबाइलचा टॉर्चही भिंतीवर मारू नका, हे रंग भुसा घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर आहेत आणि प्रखर उजेडाने फिके पडतात. मुलांना हे आधीच समजावा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार, वार बदलले. शुक्रवारी परतताना देवगिरी करावा का? आणि दरीचं काही पाहायचं असेल तर?

वाघूरकाठ
देवगिरी सासूबाईंना झेपणार नाही. पितळखोऱ्याची दरी श्रावणात फार सुंदर, पण खाली खूप पायऱ्या उतराव्या लागतात आणि मग तेवढ्याच चढाव्या लागतात. दरी तुम्हाला अजिंठ्यातच मिळेल: वाघूर नदीचं वळण आणि टोकाला सप्तकुंडाचा धबधबा, चांगला पाऊस झाला असेल तर लेण्यांच्या वाटेवरूनच दिसतो.

बाळीवेसकर
परतीच्या वाटेवर धाराशिव लेणी घ्या, धाराशिव शहरापासून सात-आठ किमी. पार्श्वनाथांची मूर्ती आहे, बालाघाटाची हिरवी दरी आहे आणि गर्दी नसते. पायऱ्या आहेत, सासूबाई वरच थांबल्या तरी दरी दिसते. चारच्या आत पोचा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, तीन दिवस टिकते. मात्र अजिंठ्यात माकडं हातातली पिशवी ओढतात, डबा गाडीतच ठेवा.