पेढीवर न बसलेल्यांनी सल्ला कोणाला विचारायचा?

लालबागची भाजणीवाली

परवा येथे 'गिरगावकर रोखठोक' यांनी लिहिले की धंदा रक्तातच असावा लागतो, सल्ला केंद्रांत बसून कोणी उद्योजक होत नाही, आणि लहान उद्योजकांना मार्गदर्शन करणारी जिल्हा उद्योग केंद्रासारखी सरकारी कार्यालये उद्या बंद झाली तरी मुंबईतल्या एकाही दुकानाचे शटर खाली येणार नाही. ते वाचून दोन दिवस गप्प बसले, पण मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि जे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यांत तेही होते. आमच्या घरात उधारी कायम असे, पण ती आम्ही वाण्याकडून घेतलेली. आम्ही कोणाला उधारीवर माल दिला आहे असे कधी घडलेच नव्हते. घाऊक भाव कसा ठरवायचा, माल परत आला तर तो कोणाच्या नावे टाकायचा, हे ज्याला विचारावे असा एकही माणूस आमच्या चाळीत नव्हता. ज्यांच्या घरी पेढी आहे त्यांचा मुलगा सुट्टीत गल्ल्यावर बसतो आणि रात्री त्याचे काका त्याची वही तपासतात. त्या वही तपासण्याला तुम्ही रक्त म्हणता. माझ्या वहीवर नजर टाकणारे काका मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एका सल्ला केंद्रात भेटले.

मी भाजणी विकत होते. दहा किलो धान्य, गॅस, दळण आणि पाकिटे मिळून १,४०० रुपये खर्च येई, अर्ध्या किलोचे पाकीट ११० रुपयांना जाई, म्हणजे वीस पाकिटांचे २,२०० रुपये येतात आणि ८०० रुपये सुटतात, असा माझा हिशेब होता. आठवड्यातून दोन दिवस तेथे येणारे एक निवृत्त अभियंते होते. त्यांनी मला पुढच्या वेळी धान्य भाजण्यापूर्वीचे वजन, दळून आणल्यानंतरचे वजन आणि भरलेली पाच पाकिटे घेऊन यायला सांगितले. भाजून आणि दळून दहा किलोचे ९ किलो २०० ग्रॅम उरत होते. गिऱ्हाइकाला कमी जाऊ नये म्हणून मी सढळ हाताने भरत असे, त्यामुळे प्रत्येक पाकीट ५२० ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे वीस नव्हे, सतराच पाकिटे होत होती आणि तळाशी थोडी भाजणी उरत होती. ८०० रुपये सुटतात असे मी चार वर्षे समजत होते आणि प्रत्यक्षात ४७० सुटत होते, तेही माझ्या स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही न धरता. त्या दिवशी त्यांनी मला कोणतीही योजना सांगितली नाही, कर्जाचा अर्जही दिला नाही. एक वजनकाटा टेबलावर ठेवला, एवढेच केले.

आणि हे काही नवे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच पुढे लिज्जत झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या. एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख लिहा, हा सल्ला त्यांना समाजसेवक छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबाप्पा यांनी दिला. पापड लाटणे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

गिरगावकर रोखठोक

ताई, आपण माझेच उदाहरण मला परत दिले आहे. छगनबाप्पा पगारी अधिकारी नव्हते. त्या बायकांचे नुकसान झाले असते तर ते त्यांच्या मनाला लागले असते. पेढीवरचा काका पुतण्याची वही तपासतो, कारण पुतण्याने गल्ला बुडवला तर काकाचेही घर बुडते. ज्याचा पगार माझा धंदा चालो वा न चालो एक तारखेला खात्यात जमा होणार आहे, त्याचा सल्ला मी का घ्यावा? माझा आक्षेप सल्ल्याला नाही, तो देणाऱ्याला काहीही गमवावे लागत नाही याला आहे.

आपल्या भाजणीचा हिशेब मात्र मला पटला. वजनातली ही घट मलाही सुचली नसती, हे मान्य करतो. पण आपल्याला भेटलेले अभियंते अपवाद होते. अपवादावर कार्यालये चालत नाहीत.

साकीनाक्याचा लेथवाला

मी या दोघांच्याही बाजूचा नाही. माझ्याकडे दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि चार कारागीर आहेत. माझी कॉस्टिंग मला तोंडपाठ आहे, कोणत्या जॉबमध्ये किती चुरा जातो हे मी मशीनच्या आवाजावरून सांगू शकतो. मला सल्ला नको आहे, माझे पैसे हवे आहेत.

२०२२ च्या दिवाळीपूर्वी मी एका मोठ्या कंपनीला ४ लाख ६२ हजार रुपयांचे बुश, म्हणजे यंत्रात बसणारे धातूचे पोकळ सुटे भाग, करून दिले. ते पैसे २०२३ च्या दिवाळीत आले, तेही दोन हप्त्यांत. मधल्या काळात कारागिरांचा पगार थकू नये म्हणून घरातल्या पाटल्या गहाण पडल्या. अशा वेळी मी सल्ला केंद्रात गेलो, तर मला निर्यातीच्या शिबिराला बसवण्यात आले. हजेरीच्या कागदावर सही घेतली, एक फोल्डर आणि एक वडा दिला, आणि सर्वांना उभे करून फोटो काढला. ज्याला अंधेरीतून पैसे वसूल होत नाहीत, त्याला दुबईला माल कसा पाठवावा हे शिकवणाऱ्यांविषयी मी आदर का बाळगावा, हे भाजणीवाल्या ताईंनी मला सांगावे.

पार्ल्याचा हिशेबनीस

लेथवाले, आपला संताप रास्त आहे, परंतु आपल्या हातात काय आहे ते येथे वाचणाऱ्या इतरांना कळावे म्हणून लिहितो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. थकीत पैशांच्या तक्रारींसाठी सरकारचे समाधान पोर्टल २०१७ मध्ये सुरू झाले; अशी तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे या वादांचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळापुढे, जाते. तिथला निवाडा खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय आयकर कायद्यात २०२३ मध्ये ४३बी(एच) हे कलम आले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच दाखवता येतो. हे सारे एखाद्या चांगल्या केंद्राने आपल्याला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते.

साकीनाक्याचा लेथवाला

कलमे मलाही पाठ आहेत, आणि ती सांगणाऱ्यांचा मला आता वीट आला आहे. आपण कधी तक्रार केली आहे का? माझ्या शेडमधले साठ टक्के काम एकाच कंपनीचे आहे. मी पोर्टलवर तिचे नाव घातले की पुढच्या आठवड्यात त्यांचा परचेसवाला फोन उचलणार नाही. त्या ४३बी(एच) चा परिणामही ऐका. मार्च २०२४ मध्ये माझ्या एका गिऱ्हाइकाने मला विचारले की तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करू शकता का, म्हणजे आम्हाला तुमचे पैसे सावकाश देता येतील. दुसऱ्याने काम मध्यम उद्योगाकडे वळवले, कारण हे कलम फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लागू आहे. माझ्या संरक्षणासाठी आणलेल्या कायद्याने माझे काम गेले, हे आपण आपल्या कार्यालयाच्या वातानुकूलित खोलीतून कसे पाहणार?

पार्ल्याचा हिशेबनीस

माझे कार्यालय म्हणजे सोसायटीच्या जिन्याखालची दहा बाय आठची खोली आहे. तिच्यात वातानुकूलन नाही आणि माझीही बिले अशाच लोकांकडे थकली आहेत. तेवढे कृपया ध्यानात घ्यावे. मी कलमे सांगितली ती आपल्याला हिणवण्यासाठी नव्हे.

धारावीचा बॅगवाला

उधारीवर सगळे बोलत आहेत म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. मी तिच्यासाठी स्टेशनजवळच्या एका एजंटला २,००० रुपये दिले, कारण मोफत आहे हे मला सांगणारे कोणी नव्हते. त्यानंतर त्याने गुमास्त्याचे, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचे, वेगळे पैसे मागितले. माझ्याकडे पाच माणसे आहेत आणि महाराष्ट्रात तेव्हा २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नसे, ऑनलाइन सूचना दिली की पुरत असे, हेही मला दोन वर्षांनी कळले. केंद्र असते आणि ते माझ्या गल्लीत असते, तर त्या एजंटचे टेबल तिथे टिकले नसते. मुंबईभर पसरलेल्या आमच्यासारख्यांसाठी कार्यालये मात्र अशा ठिकाणी आहेत की जाऊन येण्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथे गेल्यावर जागेचे कागद मागतात. माझा कारखाना पोटमाळ्यावर आहे. त्या पोटमाळ्याचे कागद मी कोठून आणू?

निवृत्त, मुलुंड

मी एकतीस वर्षे अशाच एका कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून इतका वेळ वाचत होतो आणि लिहावे की नाही याचा विचार करत होतो. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली तेव्हा एका छताखाली उद्योजकाची सर्व कामे व्हावीत हा हेतू होता. पुढे योजना वाढत गेल्या आणि माणसे कमी होत गेली. २००८ मध्ये पीएमईजीपी, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जाला सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना, आली. २०२२ मध्ये तिची मर्यादा वाढून त्यात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसू लागला. शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के आणि महिलांसह विशेष गटाला २५ टक्के सबसिडी मिळते, आणि ती तीन वर्षे बँकेत अडकून राहते. हे सांगण्यातच आमचा दिवस संपत असे. भाजणीवाल्या ताईंना भेटलेल्या अभियंत्यांसारखा वजनकाटा काढून बसावे असे मलाही वाटे. पण माझ्या वार्षिक अहवालात किती प्रकरणे मंजूर झाली यासाठी रकाना होता, त्यांतले किती धंदे तीन वर्षांनी चालू आहेत यासाठी नव्हता.

रोखठोक म्हणतात की आम्हाला काही गमवावे लागत नाही. हे खरे आहे आणि ते ऐकताना वाईट वाटते. परंतु ज्या मुलाचा प्रोजेक्ट रिपोर्ट मी स्वतः रात्री घरी बसून दुरुस्त केला आणि ज्याची फाइल बँकेने जामीन नाही म्हणून परत पाठवली, त्याचा चेहरा मला आजही आठवतो. लहान उद्योगांना जामिनाशिवाय कर्ज मिळावे यासाठीची हमी योजना २००० सालापासून आहे, हे मी त्या शाखा व्यवस्थापकाला तीन वेळा सांगितले होते.

साकीनाक्याचा लेथवाला

साहेब, आपण टेबलाच्या पलीकडे होतात. चेहरा आठवून त्याच्या कर्जाचे व्याज फिटत नाही.

निवृत्त, मुलुंड

बरोबर आहे. ते फिटत नाही आणि मी ते फिटल्याचा दावाही केलेला नाही. पण आपण शिबिरात बसवणाऱ्या माणसाचा राग माझ्यावर काढत आहात, आणि या वयात तो मुकाट्याने ऐकून घेण्याची माझी तयारी नाही. आपल्याला उपयोग होणार असेल तर एक गोष्ट सांगतो, नसेल तर येथेच थांबतो. तक्रार करायला चालू गिऱ्हाइकापासून सुरुवात करायची नसते. ज्या कंपनीने तुमचे काम आधीच बंद केले आहे आणि तरीही पैसे अडवून ठेवले आहेत, तिच्यापासून करायची असते.

लालबागची भाजणीवाली

लेथवाले दादा, शिबिर, वडा आणि फोटो यांविषयी मी आपल्याशी सहमत आहे. मलाही एकदा अशाच शिबिरात आयात-निर्यात परवान्यावर दोन तास बसवले होते. पण आत्ता मुलुंडच्या काकांनी आपल्याला जे सांगितले ते कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. ते त्यांना एकतीस वर्षांत शंभर लेथवाले पाहून कळले आहे. रोखठोकही म्हणाले की सल्ल्याला त्यांचा विरोध नाही. मग शिबिरे बंद करा, पोटमाळ्याचे कागद मागणे बंद करा, अहवालात तीन वर्षांनंतरचा रकाना घाला, असे आपण सर्व मिळून म्हणू या. कार्यालयच बंद करा म्हटले तर बॅगवाल्या दादांच्या गल्लीत फक्त एजंटचे टेबल उरेल.

गिरगावकर रोखठोक

तीन वर्षांनंतरच्या रकान्यापुरते मी आपल्याबरोबर आहे, आणि तो रकाना भरल्यावरच पगारवाढ द्यावी ही माझी त्यात भर. बाकीचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

साकीनाक्याचा लेथवाला

काल रात्री जुनी फाइल काढली. एका कंपनीने २०२३ च्या मे महिन्यात काम बंद केले आणि तिच्याकडे अजून १ लाख १८ हजार अडकले आहेत. मुलुंडचे काका, माझे बोलणे लागले असेल तर क्षमा करावी. उद्यम नोंदणी त्या कामाच्या आधीची आहे. परचेस ऑर्डर ईमेलवर आहे, जीएसटीची बिले आहेत, चार डिलिव्हरी चलने आहेत. तीन चलनांवर माल मिळाल्याची सही आहे, चौथ्यावर सही नसून फक्त त्यांच्या गेटचा शिक्का आणि गाडीचा क्रमांक आहे. तेवढे चालते का?

निवृत्त, मुलुंड

त्या चौथ्या चलनाचे बिल तुम्ही तुमच्या जीएसटी विवरणात दाखवले होते का, हे आधी हिशेबनीसांकडून तपासून घ्या. त्या बिलावर कंपनीने क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, घेतले असेल तर माल मिळालाच नाही असे म्हणणे त्यांना जड जाईल. पार्ल्याचे सद्गृहस्थ हे काम करून देतील का, ते त्यांनीच सांगावे.

पार्ल्याचा हिशेबनीस

शनिवारी चारनंतर या. जिन्याखालची खोली आहे, डोके सांभाळून आत यावे लागते.