शांततेचा आवाज: जपानी 'शीऽऽन' भारी की आपला शुकशुकाट?

खडीसाखर:
मांगा म्हणजे जपानी चित्रकथा वाचणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. वर्गात कुणीतरी भलतंच बोलून जातं. पुढच्या चौकटीत सगळे चेहरे थिजलेले आणि वर ठसठशीत अक्षरांत 'शीऽऽन'. दीर्घ स्वराची रेघ कधी कधी चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेली. आवाज नाही, हे सांगायला चक्क आवाजाचा शब्द! चित्रकथेत ही पद्धत आपणच सुरू केली, असं मांगाकार ओसामु तेझुकांनी लिहून ठेवलंय. (शब्द त्यांच्या आधीपासूनचा आहे, तो भाग वेगळा.)

आणि हा एकच नाही. 'शिन्शिन' म्हणजे आवाज न करता एकसारखं पडणारं बर्फ, चढत जाणारी रात्र, हाडांत मुरणारी थंडी, तिन्ही. 'हिस्सोरी' म्हणजे घर आहे, माणसंही असतील, पण जाग नाही. माझं मत सरळ आहे: जपानीने शांतता जितकी कान देऊन ऐकली तितकी मराठीने ऐकलेली नाही. आपण 'शांत', 'खूप शांत' आणि 'अगदी शांत' यावर भागवतो.

तिरफळ:
साफ असहमत. जपानी म्हटलं की आपल्याला सगळंच गूढ वाटायला लागतं.

बाजारात शुकशुकाट असतो, आळीत सामसूम असते, वर्ग चिडीचूप बसतो. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, लगेच खटकेल. शुकशुकाटाची घडण तर बघाच: खडखडाट, कलकलाट, गडगडाट, सगळे गोंगाटाचे शब्द ज्या साच्यातले, त्याच साच्यात आपण आवाज नसल्याचा शब्द ओतलाय. तेझुकांच्या 'शीऽऽन'चं कौतुक करता, मग हे काय वेगळं आहे?

ओसाकाकर:
तिरफळ, शब्द आहेत हे मान्य. फरक व्याप्तीचा आहे. 2007 साली जपानच्या शोगाकुकान प्रकाशनाने ध्वनीतून अर्थ सांगणाऱ्या शब्दांचा स्वतंत्र कोश काढला, त्यात 4500 नोंदी आहेत. जपानी व्याकरण यांचे गट पाडतं. 'गिओन्गो' म्हणजे खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजाची नक्कल, 'गिताइगो' म्हणजे आवाज नसलेल्या स्थितीचं ध्वनीतून केलेलं वर्णन. त्या हिशेबाने 'शीऽऽन' गिताइगोत बसतो. म्हणजे खडीसाखरताई, 'आवाजाचा शब्द' हे तुमचं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. जपानी माणूस तो शांततेचा आवाज म्हणून लिहीत नाही, जसं आपण 'लखलखाट' म्हणताना दागिने वाजतात असं समजत नाही.

आणि हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. बैठकीत प्रश्न विचारला आणि कुणीच तोंड उघडलं नाही, तर बाहेर आल्यावर कारकुनापासून साहेबापर्यंत सगळे 'शीन' हाच शब्द वापरतील. काव्यबिव्य काही नाही त्यात.

उंबर:
मधेच एक खडा टाकतो. 'शिन्शिन' हा ध्वन्यनुकारी शब्द आहे हेच मुळात पक्कं नाही. तो 'खोल' किंवा 'अरण्य' या अर्थाच्या चिनी अक्षरांची द्विरुक्ती करूनही लिहितात. मग ते संस्कृतातून आलेल्या 'नीरव'सारखं उसनं धन झालं. 'जपानी कान' वगैरे म्हणण्याआधी हे बघायला हवं.

खडीसाखर:
उसनं असेलही, पण वापर कसा केलाय ते बघा. साइतो मोकिची या कवीची आई 1913 च्या मे महिन्यात गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत तो तिच्याशेजारी झोपलाय, त्यावर त्याचा तान्का (छोटी जपानी कविता) आहे. त्यात 'शिन्शिन' येतो आणि लगेच दूरच्या खाचरांतले बेडूक आभाळापर्यंत ऐकू येतात. हे विशेषण रात्रीचं की बेडकांचं, हे त्याने मोकळं सोडलंय. मराठीत 'शुकशुकाट' लिहून पुढच्याच शब्दाला बेडूक ओरडवून दाखवा!

(अवांतर: हायकूकार बाशो 1689 मध्ये यामादेरा या डोंगरावरच्या देवळाला गेला आणि तिथल्या खडकांत झिरपणाऱ्या सिकाडा या किड्यांच्या आवाजावर त्याने हायकू लिहिला. तो किडा नेमका कुठल्या जातीचा, यावर याच मोकिचीने मोठा वाद घातला आणि शेवटी हार मानली. किड्याच्या जातीवरून भांडणारे कवी मला फार आवडतात.)

तिरफळ:
शुकशुकाट कशाला? 'किर्र' घ्या. रातकिड्यांचा आवाज आहे तो, आणि आपण 'किर्र रात्र', 'किर्र झाडी' म्हणतो. दुसरं काहीच ऐकू येत नाही इतकी शांतता, असाच त्याचा अर्थ. खाली बेडूक खुशाल ओरडवा.

ओसाकाकर:
'किर्र' जबरदस्त, मान्य. पण तो रात्रीला आणि रानाला बांधलेला आहे. भर दुपारच्या बैठकीला लावता येत नाही. 'चिडीचूप'मध्ये धाक आहे, 'शुकशुकाट'मध्ये माणसं असायला हवी होती आणि नाहीत, ही रुखरुख आहे. 'शीऽऽन' यातल्या कशालाच बांधलेला नाही. फजिती, भीती, रिकामं देऊळ, सगळीकडे चालतो. मराठीत असा मोकळा शब्द मला सापडलेला नाही.

तिरफळ:
मोकळा म्हणजे चांगला, हे कुणी ठरवलं? बांधलेला शब्द एका फटक्यात जागा, वेळ आणि माणसं सांगतो. मला चौकट भाषांतराला दिलीत तर वर्गाच्या चित्रावर 'चिडीचूप' लिहीन, देवळाच्या चित्रावर 'सामसूम', आणि तुमच्या बैठकीच्या चित्रावर काहीच लिहिणार नाही. साहेबाचा चेहरा पुरे आहे.